इस्त्री केलेला चेहरा

प्रिय निशिगंधा,

जयभीम. परवा गुरुवारी सकाळी सव्वासहाला मी सेंटरच्या वेटिंग हॉलमध्ये शिरले, तर वजनकाट्याशेजारच्या टेबलावर तुझा फोटो होता आणि फोटोला झेंडूचा हार घातलेला होता. दिवाळीत आपण सगळ्या पेशंटांबरोबर फोटो काढला होता ना, त्यातून तुला एकटीला कापून मोठं केलं होतं. त्यामुळे तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी सुटा हात तसाच राहिला होता. खाली मेणबत्ती पेटलेली. पहिल्या शिफ्टचे पेशंट आपापल्या चादरी काखेत धरून रांगेत उभे.

डायलिसिसच्या कामात मला पंचवीस वर्षं होतील, मरण मी काही थोडं पाहिलेलं नाही, पण असा धक्का मला माझी आई गेली तेव्हाही बसला नव्हता. मला वाटलं, तू खरंच गेलीस आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. तुझा फोन लावला, तो बंद. तुझ्या आईला लावला. सरोजाताई शांतपणे म्हणाल्या, काल रात्रीच बोलले तिच्याशी, नायगावला मावशीकडे आहे, नीट जेवत नाही, बाकी बरी आहे. मी तशीच जिन्यात बसले. अगं, तू जेवत नाहीस हे ऐकून मला एवढा आनंद व्हावा!

आता मी तुमच्या पेणकरपाड्याच्या घरात, तुझ्याच डिप्लोमाच्या वहीची मागची पानं फाडून हे लिहितेय. तुझ्या आईने मघाशी तुला फोन केला, तू माझं नाव ऐकलंस आणि फोन कापलास. त्याआधी जे म्हणालीस ते स्पीकरवर मलाही ऐकू आलं. ‘त्या बाई चेहरा न हलवता खोटं बोलतात, त्यांचं मला काही ऐकायचं नाही.’ मला राग आला नाही. या तीन दिवसांत हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलं. सरोजाताई म्हणाल्या, लिहून द्या, हातात दिलेला कागद ती वाचल्याशिवाय टाकत नाही. त्या भाकऱ्या उरकून स्वतः नायगावला निघणार आहेत, तोवर मला लिहायचंय. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

पाच नंबरच्या खुर्चीवरचे आपले नाथाबाबा यायचे थांबलेत, हे आधी सांगते. मंगळवारी शेवटचं डायलिसिस झालं. गुरुवारी आले नाहीत, आज शनिवारीही नाहीत. याचा अर्थ काय होतो ते तुला शिकवायला नको. पाय सुजलेत, आडवं झालं की दम लागतो, आणि दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. डॉक्टर काल स्वतः घरी जाऊन आले, त्यांनाही हात जोडून परत पाठवलं.

हे असं का झालं ते सांगायचं तर माझ्यापासून सुरुवात करावी लागेल. सेंटरमध्ये कुणी गेलं की उरलेल्या पेशंटांना काय सांगायचं, हा नियम माझा. त्यांनी दुसऱ्या सेंटरला नाव हलवलं म्हणायचं. त्यांची चादर कप्प्यातून काढायची, खुर्ची पुसायची, यादीतला पुढचा माणूस त्याच दिवशी बसवायचा, आणि चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही. पंधरा वर्षांपूर्वी एक बाई शेजारचा माणूस गेल्याचं ऐकून मशीनवरच अशी घाबरली की तिला सावरताना आम्हाला घाम फुटला. त्या दिवशी मी हे ठरवलं. ठरवलं ते वाईट हेतूने नव्हे. पण मला त्याचा गर्वही होता, हे खोटं कशाला बोलू? माझ्या सेंटरमध्ये कुणाला मरण दिसत नाही, असं मी नव्या मुलींना छाती काढून सांगायचे.

आणि त्याच्याही मागे एक गोष्ट आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही. बावीस वर्षांची असताना माझ्या पहिल्या वॉर्डात एक मुलगी गेली आणि मी रडले. मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, झेपत नसेल तर दुसरं काम बघ, तुमच्याकडच्या मुलींना उगाच घेतात. ‘तुमच्याकडच्या’ म्हणजे कोणत्या, ते मला कळलं, तुलाही कळेल. आपल्या वस्तीतली एक मुलगी चुकली की तिच्या एकटीचं नाव जात नाही. त्यानंतर मी कामावर कधी रडले नाही. लोक मला लोखंडी म्हणायचे आणि मी ते बिरुदासारखं मिरवलं. तू आलीस तेव्हा वाटलं, हिलाही वेळेवर लोखंड करायला हवं, नाहीतर हिलाही कुणीतरी तेच ऐकवेल. शेवटी ऐकवलं ते मीच.

तुला मी काय काय बोलले ते सगळं आठवतंय. महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, तुझ्या डोळ्यांना मात्र चोवीस तास पुरवठा, हे तर पेशंटांसमोर म्हणाले आणि स्वतःच हसले. तू सुई टोचताना नातवंडांची नावं विचारायचीस, मी घड्याळ दाखवायचे. कोंडिरामकाकांचं तर विसरूच शकत नाही. गेल्या मे महिन्यात तू माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, मॅडम, काका आज मला टाळतायत, माझ्याकडे बघत नाहीत, काहीतरी लपवतायत. बीपी ठीक, वजन ठीक, मशीन गप्प. मी म्हटलं, तुझ्याकडे बघणं हा कुठल्या तपासणीतला आकडा आहे? तरी तू त्यांच्याजवळून हलली नाहीस. शेवटी त्यांनी तुला सांगितलं की सकाळपासून छातीत कळ येतेय, पण दोन दिवसांवर मुलीचं लग्न आहे, भरती करतील म्हणून बोललो नाही. ईसीजी काढला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पाहिलास ना? काका वाचले. मुलीचं लग्न त्यांनी व्हीलचेअरवरून पाहिलं आणि पेढे पहिले तुला दिले. रजिस्टरमध्ये मी काय लिहिलं माहितीये? ‘नियमित तपासणीत लक्षात आले.’ कसली नियमित तपासणी? आकडे बघून मी तर पुढच्या खुर्चीकडे गेले होते.

मग हंसाबेन गेल्या. चार नंबरला हंसाबेन, पाचला नाथाबाबा, तीन वर्षं दोघांचं एसीवरून आणि टीव्हीवरून भांडण. ती गुजरातीत चिडणार, ते आगरीत ओरडणार, आणि डबा उघडला की तिचा खाकरा यांच्या हातात. त्या गेल्याचं मला सकाळी सहाला कळलं, साडेसहाला मी नाथाबाबांना सांगितलं की हंसाबेनने भावनगरला लेकीकडच्या सेंटरला नाव घातलं. तू सुया उघडत होतीस. तुझ्या हातातून ट्रे पडला आणि तू मागच्या खोलीत पळालीस. शिफ्ट संपल्यावर तू स्टूल घेऊन त्यांच्याजवळ बसलीस, खरं काय ते सांगितलंस आणि दोघं मिळून रडलात. मी काचेतून पाहिलं. रागाने लाल झाले होते मी. सगळ्यांसमोर तुला झापलं, पंधरा वर्षांची शिस्त एका दिवसात मोडलीस म्हणून. नाथाबाबा पुढच्या पाळीला वेळेवर आले, जरा जास्तच जेवून आले, याकडे माझं लक्ष गेलं नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, गेल्या शनिवारी, तुझा करार पुढे न वाढवल्याचं पत्र मी तुझ्या हातात दिलं. वरून आलंय, माझ्या हातात काही नाही, असं म्हणाले. तू कुणाचा निरोप न घेता स्कूटीवर बसलीस आणि गेलीस. नेमका त्याच संध्याकाळी काशीमिऱ्याच्या सिग्नलजवळ स्कूटीवरची एक मुलगी ट्रकखाली गेली. ती बातमी, ती तूच असशील या शंकेसकट, पेशंटांच्या ग्रुपवर फिरत होती, मला पत्ताच नव्हता. मंगळवारी नाथाबाबांनी विचारलं, माझी पोर कंय हाय? मी त्यांची चादर नीट करत म्हटलं, रजेवर आहे, येईल. तुला काढल्याचं सांगायची मला लाज वाटत होती, म्हणून मी माझा तो चेहरा लावला. पंधरा वर्षं मुरलेला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

आता गुरुवारचं पुढचं ऐक. हाराकडे बोट करून मी ओरडले, हे काय लावलंय, ती जिवंत आहे! एकानेही मान हलवली नाही. कोंडिरामकाका पुढे आले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, ‘मॅडम, आता तरी नका ना. हंसाबेनच्या वेळी पण तुम्ही असंच बोललात. तुमचा चेहरा इस्त्री केल्यासारखा झाला की आम्ही समजतो, कोण तरी गेलं.’ निशिगंधा, त्यांना सगळं माहीत होतं! पंधरा वर्षं! जुन्यांनी नव्यांना शिकवलेलं होतं. मी कुणाची चादर घडी करून पिशवीत भरतेय हे ते झोपेचं सोंग घेऊन बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर दुसऱ्या सेंटरचं नाटक पुढे चालवायचे. का, तर मॅडमना वाईट वाटू नये म्हणून. मी त्यांना सांभाळतेय असं समजत होते आणि चार तास मशीनला बांधलेली माणसं मला सांभाळत होती. हे ऐकून मला कुठे बघावं ते कळेना. मी पुन्हा सरोजाताईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला, तू कशी आहेस एवढंच विचारलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा विश्वास बसला. एका आजींनी तो हार काढून मला फेकून मारला. बरोबरच केलं.

पण नाथाबाबा तिथे नव्हतेच. कोंडिरामकाकांनी त्यांना फोन केला, तर म्हणाले, तुमाला बी खोटं बोलाला शिकवलंन त्या सिस्टरनं. काल मी गोडदेवला त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या सुनेने, मंजुळाने उघडलं. ती बिचारी रडवेली झालेली, म्हणाली, बाबा आयकतच न्हाय, पानी बी मोजून घ्यायचे ते बी सोडलंय. म्हातारा खाटेवर टेकून बसलेला, चेहरा फुगलेला. मी म्हटलं, निशिगंधा जिवंत आहे. ते म्हणाले, ‘हंसाबेन बी भावनगरला जित्ती हाय ना?’ मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझं आहे. ‘मना मराची भीती न्हाय, सिस्टर. मिठागरात हाडं झिजवली, आता कसली भीती? पन आपुन गेलो तं खुर्ची पुसून दुसरा बसवतीन, येवढाच भ्याव होता. ती पोर हंसाबेनसाठी रडली. म्हटलं, आपल्यासाठी बी रडंल. तवर येत जाऊ. आता तीच गेली, आन तिच्यासाठी तुमच्या कुनाच्या डोल्यात पानी न्हाय. तिथं मी येत न्हाय.’

इतकी वर्षं मी समजत होते, माणसं मशीनमुळे येतात. माझ्या स्वच्छतेमुळे, वेळेमुळे, न चुकणाऱ्या हातामुळे येतात. ते सगळं हवंच, त्यात मी आजही तडजोड करणार नाही. पण एक म्हातारा आठवड्यातून तीनदा दोन जाड सुया टोचून घ्यायला येत होता, तो तुझ्या रडण्याच्या भरवशावर. जे मी तुझं वैगुण्य म्हणून तुझ्या माथी मारत होते, ते त्याच्या औषधाच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. आमच्यात सगळ्यात तयार तूच होतीस. मला ते तुझ्या जागेवर दुसरी मुलगी बसवल्यावर कळावं!

आणि मग मी रडले, निशी. त्याच्या खाटेच्या पायाशी, मंजुळासमोर, पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडात कोंबून, चोवीस वर्षांचं एकदम. मला वाटलं, आता तरी याला पटेल की मी खोटं बोलत नाही. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा पडला की मी रडायचीच थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, ‘तुमी रडता, म्हंजे पोर खरंच गेली.’ आतापर्यंत त्याला थोडीतरी शंका होती, गं. ती मी माझ्या हातांनी पुसून टाकली. कोरड्या तोंडाने सांगितलं तर खोटं, रडून सांगितलं तर मरण. मी घरी कशी आले मला आठवत नाही. फोनवर तुझा चेहरा दाखवला तरी उपयोग नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि म्हणतो, फोनात तर मेलेली मानसं बी बोलतात.

सरोजाताईंच्या भाकऱ्या झाल्या. हाराचं मी त्यांना मघाशीच सांगितलं. आधी त्या मटकन खाली बसल्या, मग म्हणाल्या, पोरीचं आयुष्य वाढलं. आता पायात चपला घालून दाराशी उभ्या आहेत, म्हणून जे आठ दिवस तोंडातून निघत नाही ते लिहून टाकते. ते पत्र वरून आलं नव्हतं. तुझ्या वार्षिक अहवालात ‘अतिसंवेदनशील, या कामास अयोग्य’ असं मी लिहिलं होतं, माझ्या अक्षरात, चहा पिता पिता. ऑफिसने फक्त माझं ऐकलं. हे तुला कळलं तर तू कदाचित यायची नाहीस, म्हणून काल दिवसभर मी इथे यायला कचरले आणि त्यात नाथाबाबांचा एक दिवस गेला. पण मी खरं बोलू शकते हे तुला पटवायला माझ्याकडे दुसरं काहीच नाही, फक्त माझ्याविरुद्धचं हे एक खरं आहे. आज सकाळी ट्रस्टला लिहून दिलंय की अहवाल चुकीचा होता, कोंडिरामकाकांच्या नोंदीसकट. नोकरी परत मिळेल असं म्हणत नाही, ते मला माहीत नाही. मला माफ कर असंही आज म्हणत नाही, त्याला वेळ नाही. आईबरोबर लगेच नीघ, घरी न येता सरळ गोडदेवला जा. उद्या रविवार आहे, पण डॉक्टरांची परवानगी घेतलीय, सकाळी सहापासून मी मशीन लावून बसतेय. वाटेत त्याला दम लागला तर थांबू नका, तसेच मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि मला फोन करा. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी मागच्या खोलीत थांबेन, पण तू त्याला घेऊन ये. त्याच्यासमोर रडू आलं तर रड, आता तुला अडवणारी मी कोण? फक्त आधी जरा हस, नाहीतर म्हातारा विचारेल, आता आनखी कोन गेला? आणि तोंडाने काही सांगत बसू नकोस, त्याचा कुणाच्याच शब्दावर भरवसा उरलेला नाही, ती माझीच करणी. नुसता तुझा हात त्याच्या हातात दे. गरम आहे, हे त्याला कळू दे.

तुझीच, म्हणजे तू अजून म्हणू दिलंस तर,
पंचशीला